पोरीपेक्षा पोळी मोठी झाली का?

मावशी, नमस्कार.
मी गुहागर तालुक्यातली, वय ३१. नवरा लोट्याला कंपनीत आहे, आठवड्यातून एकदा घरी येतो. घरी सासूबाई आणि अडीच वर्षांची मुलगी. चार वर्षांपूर्वी घरच्या आंब्यांवर आणि रातांब्यांवर (कोकमाच्या फळांवर) मी लहानसा धंदा सुरू केला. आता अकरा वस्तू आहेत: आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, आगळ, कोकम सरबत, लोणचं, कुळथाचं पीठ, मेतकूट, पोह्याचे पापड, मिरगुंडं आणि गोडा मसाला. ऑर्डरी मोबाइलवर येतात, पार्सलं पुण्या-मुंबईला जातात. बाळंतपणानंतर चाळीस दिवसांनी मी पुन्हा कुळीथ भाजायला बसले होते.
या मे महिन्यात मुलीने उन्हातल्या आंबापोळीच्या ताटात हात घातला. मी तिला मारलं, पहिल्यांदाच. ताटात तिची पाच बोटं उमटली होती. ते ताट मी विकलं नाही, तसंच वाळवून डब्यात ठेवलंय. आत्येसासूबाई म्हणाल्या, "पोरीपेक्षा पोळी मोठी झाली का गो?" तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. नवरा म्हणतो, झेपत नसेल तर बंद कर, माझा पगार आहे. सोबत माझ्या हिशोबाच्या वहीची पानं पाठवतेय. धंदा बंद करू का?
एक वाचक, गुहागर तालुका

अगो,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि वहीची पानं चारदा. पत्र वाचून वाईट वाटलं. वही वाचून राग आला. तुझा नव्हे, त्या वहीचा.

आधी त्या फटक्याबद्दल, कारण तू लिहिलंयस तेवढ्यासाठीच, वही नुसती सोबत जोडली आहेस. मारायला नको होतं. ते तुलाही ठाऊक आहे, त्यावर मी आणखी काय बोलू? पोरीजवळ बसून "आई चुकली" असं एकदा म्हणालीस का? पत्रात तसं दिसलं नाही. अडीच वर्षांच्या मुलांना कळत नाही असं आपण धरून चालतो. त्यांना शब्द कळत नसतील, पण आई खाली बसली आणि डोळ्यांत बघून बोलली एवढं नक्की कळतं. ते कर आणि त्या विषयावर पडदा टाक. आत्येसासूबाईंचं वाक्य झकास आहे, मान्य. पोरी-पोळीची गंमत त्यांना कुठून सुचली देव जाणे. पण यमक जुळलं म्हणून बोलणं खरं होत नाही.

आता वही.

तुझं अक्षर सुरेख आहे. साखर किती, मीठ किती, पिशव्या किती, रिक्षाचे किती, सगळं तारीखवार आहे. वाड्यावरची जी बाई रोजावर येते तिचे दिवसाचे ४०० रुपये प्रत्येक वेळी लिहिलेत. दोन रकाने मात्र कुठेच सापडले नाहीत. आंब्यापुढे तू "घरचे" असं लिहून रेघ मारली आहेस. आणि तुझं स्वतःचं नाव तर वहीच्या पुठ्ठ्यावर सोडलं तर कुठेच नाही.

म्हणून मी चष्मा लावून तुझ्याच आकड्यांवरून आंबापोळीचा एक घाणा मांडला. तू लिहितेस, २० किलो रायवळचा, म्हणजे गावठी आंब्यांचा, १० किलो रस निघतो आणि त्याची अडीच किलो पोळी होते. विकतेस ५०० रुपये किलोने, म्हणजे आले १२५०. तेच आंबे कॅनिंगवाल्याला घातले असतेस तर या वर्षी तुमच्याकडे किलोला ३० मिळत होते, हेही तूच लिहिलंयस. म्हणजे ६०० रुपयांचे आंबे झाले. घरचे असले म्हणून फुकट नव्हेत. साखर, ताटाला लावायचं तूप, पिशव्या, लेबलं, स्टँडपर्यंतची रिक्षा मिळून २००. उरले ४५०.

आता तुझे तास. धुणं, सोलणं, रस काढून गाळणं, यात तीन तास. मग पाच दिवस रोज वाळलेल्यावर नवा थर ओतायचा, कावळे हाकायचे, मुंग्या बघायच्या, संध्याकाळी ताटं पडवीत घ्यायची. रोजचा दीड तास धरला, तोही हात आखडून, म्हणजे साडेसात. कापून भरायला अडीच. एकूण तेरा तास. ४५० भागिले १३, तासाला पस्तीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. वाड्यावरच्या बाईला आठ तासांचे ४०० म्हणजे तासाला पन्नास देतेस. धंदा तुझा, आंबा तुझा, ऊन तुझ्या खळ्यातलं, आणि सगळ्यात स्वस्त मजूर तूच.

हे मला इतकं नेमकं दिसलं, कारण मीही तेच केलं होतं. आम्ही दापोलीला राहायचो आणि मी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायची. चकली, कडबोळी, अनारसे, चिवडा. नवरात्र उठलं की घराचा कारखाना. माझा मुलगा तेव्हा पहिलीत असेल. घरी फोन आला की तो उचलायचा आणि "आई आहे का?" असं कुणी विचारलं की सांगायचा, "आहे, पण चकलीत आहे." वाड्यातले सगळे हसायचे, मीही हसायचे. नवव्या वर्षी मोठी कढई आणि सोऱ्याचं यंत्र घ्यायचं म्हणून मी एका बँकेत कर्जाला गेले. तिथल्या साहेबांनी माझा कागद वाचला आणि पेन टेकवून विचारलं, "यात तुमचा पगार किती धरलाय?" मी म्हटलं, माझा कसला पगार, मी तर घरचीच. ते काही बोलले नाहीत, कागद परत दिला. कर्ज मिळालं नाही. तेव्हा मला तो अपमान वाटला होता. रात्री बसून हिशोब केला तेव्हा कळलं, नऊ वर्षं माझ्याकडे मदतीला येणारी बाई माझ्यापेक्षा जास्त कमावत होती. तिच्याबद्दल तक्रार नाही, तिचे घामाचेच होते.

मुलगा आता तिशीत आहे. मध्ये एकदा मी त्याला विचारलं, तुला वाटायचं का रे, की आई आपल्याकडे बघत नाही? तो म्हणाला, "तू कामात असायचीस ते काही विशेष आठवत नाही. अश्विन महिनाभर तू चिडलेली असायचीस, ते आठवतं." त्यानंतर आम्ही दोघांनी चहा घेतला आणि दुसरं काहीतरी बोललो. पण तेव्हापासून मी त्या चिडचिडीचं मूळ शोधतेय, आणि दर वेळी त्या कोऱ्या रकान्याशी येऊन थांबते. पैसे पुरत नव्हते म्हणून मी दर न वाढवता ऑर्डरी वाढवत गेले. ऑर्डरी वाढल्या म्हणून झोप गेली. झोप गेली म्हणून पोराने पिठाला हात लावला की मी वसकन ओरडायची. तुझ्या त्या फटक्याआधी किती रात्री जागी होतीस, जरा आठव. तारीख वहीत असेल. मला दिसली: मेचा तिसरा आठवडा, आणि त्या एका आठवड्यात अकरापैकी सात वस्तू चालू होत्या.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर: धंदा बंद करू नको, अर्धा कर आणि महाग कर.

महाग म्हणजे किती? आंबापोळी ८०० रुपये किलो कर. घाबरू नको, पुरता हिशोब बघ. यंदा तू आठ घाणे घातलेस, २० किलो पोळी विकलीस, हाती ३६०० राहिले आणि १०४ तास गेले. पुढच्या वर्षी चारच घाणे घाल. १० किलो पोळी ८०० ने विकलीस तर एका घाण्यामागे १२०० राहतात, चारांचे ४८००, आणि तास ५२. निम्मं काम, बाराशे रुपये जास्त. उरलेले ८० किलो आंबे सरळ कॅनिंगला घाल, ते पैसे रोख हातात पडतील. गिऱ्हाईक तुटेल? तुटेल की. अर्धं तुटलं तरी चालेल, आपल्याला अर्धंच हवंय. जे चाकरमानी "गावची वस्तू आणि एवढी महाग?" म्हणतात ना, त्यांना एकदा मे महिन्याच्या उन्हात ताटाजवळ कावळे हाकायला बसव. (हे बोलायचं नाही, मनात म्हणायचं.) मात्र दर वाढवलास की माल चोख हवा. रायवळची पोळी रायवळची म्हणूनच विक. हापूसला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे, लेबलवर ते नाव उगाच चिकटवू नको. तशीही रायवळची पोळी चवीला वरचढ असते असं माझं ठाम मत आहे, त्यावर माझं नि माझ्या भावाचं दर वर्षी भांडण होतं.

अर्धा म्हणजे काय काय टाकायचं? तुझ्या अकरा वस्तूंची मी दोन ढिगांत वाटणी केली. एका ढिगात ऊन राखावं लागतं त्या: आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, पापड, मिरगुंडं. दुसऱ्या ढिगात, एकदा करून ठेवलं की काम आपोआप होतं किंवा आपल्या सवडीने करता येतं त्या: आगळ, सरबत, लोणचं, कुळथाचं पीठ, मेतकूट, मसाला. तुझी सगळी ओढाताण पहिल्या ढिगातली आहे. ऊन थांबत नाही आणि पोर थांबत नाही, दोघांना एकाच वेळी तू हवी असतेस. त्यात आता पावसाचाही भरवसा उरला नाही. मिरगाच्या आधी आवरायचं असं आपण म्हणत आलो, पण २०२५ साली मोसमी पाऊस २५ मेलाच कोकणात येऊन टेकला होता. हाताशी आठ आठवडे असतात असं समजून चालावं आणि सहाच मिळावेत, असं झालंय.

आगळाचं बघ. रातांबे फोडले, मीठ घातलं, बरणीत भरले, रोज एकदा ढवळलं. पुढचं मीठ करतं. तू झोपलीस तरी करतं, पोरीला न्हाऊ घालत असलीस तरी करतं. तुझ्याच आकड्यांवरून तासाचे काढले तर ११० च्या आसपास येतात, आंबापोळीच्या तिप्पट. आणि वहीत पाहिलं तर आगळ तू सगळ्यात कमी केलंस, कारण "फोटो चांगला येत नाही". फोटोचं सोड. सोलकढी करणाऱ्याला फोटो नको असतो, आगळ हवं असतं. बिया टाकून देतेस का? वाळवून ठेव, कोकमतेल काढणारे घेतात.

आमसुलं मात्र मी तुला सोडायला सांगणार नाही, आणि त्याचं कारण हिशोबात नाही. तू लिहितेस की सासूबाई गुडघ्यांमुळे फार काही करत नाहीत, "बसून फक्त पुटं देतात". फक्त? सालं रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, आणि कितव्या पुटाला थांबायचं ते हाताला कळायला हवं. ते त्यांच्या हाताला कळतं. एक तर हे त्यांच्याकडून शिकून घे. दुसरं, आमसुलांचे पैसे त्यांच्या नावावर टाक, खरोखर त्यांच्या हातात दे. "आम्ही पण हे सगळं केलं, पण विकलं नाही," असं त्या म्हणतात म्हणून तू वैतागली आहेस. मला त्या वाक्यात वैताग दिसला नाही. चाळीस वर्षं केलं आणि कुणी दमडी दिली नाही, असं ऐकू आलं. त्यांच्याही वहीत रकाना कोराच होता गो.

फणसपोळी, पापड आणि मिरगुंडं दोन वर्षं बंद. गिऱ्हाइकांना कारण सांगत बसू नको. "या वर्षी नाहीत" एवढंच पुरतं.

नवऱ्याबद्दल. "झेपत नसेल तर बंद कर," हे तो प्रेमानेच म्हणाला असेल. पण त्यात त्याचं स्वतःचं काही हलत नाही. लोट्याला कामाला असलेल्या कोणत्याही माणसाला गणपतीची रजा मागताना मी संकोचलेला पाहिलेला नाही, साहेबसुद्धा ती गृहीत धरून असतात. तशीच चार दिवसांची रजा त्याने मेच्या मधल्या आठवड्यात मागावी. आणि दर आठवड्याला घरी येतो तेव्हा पार्सलं बांधून स्टँडवर पोचवणं आणि गिऱ्हाइकांच्या फोनना उत्तरं देणं हे काम त्याचं. लेबलवर त्याचाही नंबर छाप. "वहिनी नाहीत का?" असं लोक विचारतील, विचारू देत.

एक गोष्ट तुझ्या पत्रात तू सहज लिहून गेलीस, मला ती टोचत राहिली. चाळीस दिवसांनी कुळीथ भाजायला बसलीस. कंपनीत नोकरीला असतीस तर २०१७ पासूनच्या कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा मिळाली असती. घरच्या धंद्यातल्या बाईला तसं काही नाही, तिची रजा तिनेच कमवून बाजूला ठेवायची. दुसरं मूल हवंय की नको हे तू लिहिलेलं नाहीस आणि मी विचारणार नाही. पण विक्रीतून दर महिन्याला थोडे पैसे वेगळ्या खात्यात टाकायला लाग. आजारपणाला होतील, पोरीच्या शाळेला होतील, नाहीतर नुसतं चार दिवस पाय पसरून बसायला होतील.

मुलगी कार्तिकात तीन वर्षांची होतेय ना? मग अंगणवाडीत घाल. सकाळचे ते दोन-तीन तास तुझे. भाजणं, दळण, भरणं हे सगळं त्या वेळात बसव. मुलगी घरात असताना चुलीवर आणि विळीवर काम नको, एवढा एक नियम घरात सगळ्यांना सांगून टाक. आमच्या पिढीत आम्ही कामाच्या ढिगाऱ्यातच वाढलो असं लोक कौतुकाने सांगतात. कोण कोण भाजलं ते कुणी सांगत नाही.

पण मेमध्ये तिला ताटांपासून पूर्ण लांब ठेवायचा प्रयत्नही करू नको, ते जमणार नाही. एवढा पिवळाधमक चकचकीत रस उन्हात मांडलेला आणि अडीच वर्षांच्या बाईने हात लावायचा नाही? मी लावला असता. तिला तिचं ताट दे. लहान स्टीलची थाळी, तुपाचं बोट फिरवलेली, त्यात दोन पळ्या रस, आणि खळ्याच्या कोपऱ्यात तिची जागा. त्यात तिने बोटं घालावीत, चाटावं, पानं चिकटवावीत. ती पोळी विकायची नाही. विकायच्या ताटांवर जाळीचं झाकण किंवा साधा सोलर ड्रायर आला तर कावळे, धूळ आणि ही बोटं तिन्ही टळतील. ड्रायरसाठी लगेच कर्ज काढू नको, आधी एक हंगाम नव्या दराने जाऊ दे. मग दापोलीच्या कृषी विद्यापीठात जाऊन ड्रायर चालताना बघून ये, आणि तालुका कृषी कार्यालयात अन्नप्रक्रियेच्या कोणत्या योजनेत अनुदान चालू आहे ते विचार. बँकेत जाशील तेव्हा कागदावर तुझा पगार लिहिलेला असू दे. आणि हो, तुझ्या लेबलच्या फोटोत अन्न नोंदणीचा चौदा आकडी नंबर दिसला नाही. ते काम गणपतीच्या आत उरकून टाक, त्यात सल्ला देण्यासारखं काही नाही.

वहीत आज रात्रीच दोन नवे रकाने आख. एकावर "घरचा माल", दुसऱ्यावर तुझं नाव. "मी" असं लिहू नको, नाव लिही. मागच्या चार वर्षांचे आकडे भरत बसू नको, नुसती रडशील. कुळथाच्या पुढच्या घाण्यापासून सुरू कर.

आणि तो डबा. पाच बोटांचं ते ताट जपून ठेवलंयस, ते मी समजू शकते. पण श्रावण लागलाय, हवेत ओल आहे, आणि अर्धवट वाळलेल्या पोळीला बुरशी धरायला वेळ लागत नाही. डबा काढ, वास घेऊन बघ. चांगली असेल तर आज दुपारी दोघी ओटीवर बसा आणि खाऊन टाका. सासूबाईंनाही एक तुकडा दे, अंगठ्याचा.

तुझी,
मावशी